स्पीकरखालचा पॅड किती दबतो?

टेबलावर ठेवलेल्या स्पीकरवर ठसठशीत बेस असलेलं एखादं गाणं लावा. एक तळहात स्पीकरच्या डोक्यावर ठेवा आणि दुसरा टेबलावर, स्पीकरपासून वीतभर लांब. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वाटलं होतं, स्पीकरच जास्त थरथरत असेल. पण हाताला मुंग्या आणत होतं ते टेबल. बेसचा एक ठरावीक सूर आला की फळी घुमायला लागायची आणि कोपऱ्यातल्या पेनस्टँडमधली एकच पेन्सिल किणकिणायची. सूर बदलला की दोन्ही गप्प.

या घुमण्यावर उपाय म्हणून स्पीकरखाली फोमचे किंवा रबराचे पॅड घालतात. कल्पना उत्तम आहे, तिच्यामागचं विज्ञानही पक्कं आहे. पण ‘मऊ वस्तू कंपनं शोषून घेते, तेव्हा खाली काहीही मऊ घातलं की झालं’ हा समज सगळीकडे पसरलाय आणि तो चुकीचा आहे. चुकीचा पॅड बेस आणखी बिघडवू शकतो, आणि त्याचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रातच सापडतं.

आधी हे बघू, की टेबलापर्यंत नेमकं काय पोहोचतं. वूफरची (स्पीकरमधला बेस वाजवणारा भाग) कॉइल पडद्याला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने बॉक्स मागे ढकलला जातो. हा न्यूटनचा तिसरा नियम. पडदा आणि कॉइल मिळून १५ ग्रॅम आणि बॉक्स ६ किलो धरला, तर बॉक्स ४०० पट जड झाला. पडदा २ मिलिमीटर पुढे गेला तर बॉक्स मागे सरकणार ०.००५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग. एवढ्याशा हलण्याने आवाज ‘धूसर’ होतो म्हणून काळजी करण्याचं कारण नाही. मऊ पॅडवर स्पीकर मागेपुढे झोके घेईल आणि बेसचा ठोका बोथट होईल, ही भीतीही त्याच कारणाने अनाठायी आहे. बॉक्सला जागेवर धरून ठेवतं ते त्याचं स्वतःचं जडत्व.

मग अडचण कुठे आहे? ती आहे टेबलाच्या आकारात. बॉक्स किंचित डुलतो, पायांवाटे फळीला खाली-वर दाबतो, आणि फळी म्हणजे एक भलामोठा पातळ पडदा. ती थोडीशीच हलली तरी पुष्कळ हवा ढकलते. शाळेतला नादकाटा आठवा. ठोकून हातात धरला तर तो कानाजवळ नेल्याशिवाय ऐकू येत नाही. त्याचा दांडा बाकावर टेकवला की तोच सूर वर्गभर पोहोचतो. काट्याची ऊर्जा काही वाढलेली नसते, बाकाचा पृष्ठभाग मोठा असतो एवढंच. आता काटा आणि बाक यांच्यामध्ये स्पंजचा तुकडा ठेवा. आवाज पुन्हा मावळतो. स्पीकरखालच्या पॅडकडून आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

पण स्पंजने ती ऊर्जा ‘गिळली’ म्हणून आवाज मावळला, असं समजू नका. खरी गंमत वेगळी आहे, आणि ती बघायला किल्ल्यांचा एक जुडगा आणि दोरा पुरतो.

जुडगा २५ सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याला बांधा आणि लोंबता धरा. हा झाला दोलक. त्याचा एक झोका साधारण १ सेकंदाचा असतो. आता दोरा धरलेला हात अगदी सावकाश डावी-उजवीकडे न्या. किल्ल्या हाताबरोबर निमूट येतात, हात जेवढा सरकला तेवढ्याच. मग हाताचा वेग वाढवत सेकंदाला एक फेरी असा करा. हात बोटभरच हलतोय, तरी किल्ल्या वेड्यासारखे मोठमोठे झोके घेऊ लागतात. हे अनुस्पंदन. आता आणखी वेग वाढवा, सेकंदाला चार-पाच फेऱ्या. किल्ल्या जवळजवळ जागच्या जागी थांबतात! हात वर थरथरतोय आणि खालचं वजन शांत आहे. दोऱ्याने काहीही शोषलेलं नाही. हात उजवीकडे गेल्याचा निरोप किल्ल्यांपर्यंत पोहोचून त्या निघेपर्यंत हात डावीकडे परतलेला असतो, आणि जडत्वाला तेवढ्यात हलायला सवड मिळत नाही.

पॅडवर ठेवलेला स्पीकर म्हणजे उभा हलणारा असाच दोलक. पॅड ही स्प्रिंग, स्पीकर हे वजन. इथे थरथर वरून खाली जाते, किल्ल्यांच्या प्रयोगात ती हाताकडून वजनाकडे जात होती. गणित दोन्हीकडे एकच. या जोडीलाही स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते, म्हणजे धक्का देऊन सोडली तर ती सेकंदाला जितके हेलकावे घेईल तो आकडा. संगीतातला सूर तिच्यापेक्षा बराच वरचा असेल तर टेबलाला तो जेमतेम कळतो. तिच्या आसपासचा असेल तर टेबलाला उलट जास्त धक्के बसतात. तिच्यापेक्षा बराच खालचा असेल, तर पॅड असून नसल्यासारखा.

ही वारंवारता काढायची कशी? पुस्तकात सूत्र असतं ते स्प्रिंगचा ताठरपणा भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ, वगैरे. घरात पॅडचा ताठरपणा कोण मोजणार? पण रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम इथे मदतीला येतो: स्प्रिंग जेवढी दबते तेवढ्याच प्रमाणात ती उलट जोर लावते. स्पीकर पॅडवर ठेवला आणि तो स्थिर झाला, म्हणजे स्पीकरचं वजन आणि पॅडचा उलटा जोर यांची बरोबरी झाली. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण बरोबर ताठरपणा गुणिले दबलेली उंची. ही बाजू तिकडे करा, ती इकडे करा, आणि ताठरपणा भागिले वस्तुमान याच्या जागी येतं गुरुत्वत्वरण भागिले दबलेली उंची. स्पीकर किती किलोचा आणि रबर कसलं, हे दोन्ही प्रश्न गळून पडले! उरलं फक्त एक अंतर. आणि हे सूत्र हुबेहूब दोलकाचं आहे: पॅड जेवढा दबला, तेवढ्या लांबीच्या दोलकाची जी वारंवारता, तीच त्या स्पीकरची. भौतिकशास्त्रातल्या इतक्या सुंदर गोष्टी फार थोड्या असतील.

आकड्यांत सांगायचं तर १६ ला, पॅड जितके मिलिमीटर दबला त्याच्या वर्गमुळाने भागा; उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे या मापात मिळतं. पॅड १ मिलिमीटर दबला तर सुमारे १६ हर्ट्झ, ४ मिलिमीटर दबला तर ८ हर्ट्झ. आणि रबराची चकती इतकी कडक असेल की ती ०.१ मिलिमीटरच दबली, तर थेट ५० हर्ट्झ, म्हणजे ऐन बेसच्या पट्ट्यात.

किती थरथर खाली उतरते याचंही सोपं गणित आहे. आपला सूर नैसर्गिक वारंवारतेच्या किती पट आहे ते काढा, त्याचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा. टेबलाला मिळणारा जोर तेवढ्याने भागला जातो. दुप्पट असेल तर तिसरा हिस्सा, तिप्पट असेल तर आठवा, चौपट असेल तर पंधरावा. वर्ग वजा १ हे उत्तर १ पेक्षा मोठं असेल तरच फायदा, म्हणजे पट किमान १.४१ च्या वर हवी. आता ६० हर्ट्झचा सूर घ्या. २ मिलिमीटर दबणाऱ्या पॅडची वारंवारता सुमारे ११ हर्ट्झ, म्हणून टेबलापर्यंत पोहोचतो साधारण १/२८ जोर. त्याच सुराला ०.१ मिलिमीटर दबणारी कडक चकती मात्र सव्वादोन पटीने वाढवून खाली पाठवते. दोन्ही वस्तू रबराच्याच, दोन्हींच्या वेष्टनावर लिहिलेलंही एकच.

इथे एक खुलासा करायला हवा. वरचं गणित आदर्श स्प्रिंगचं आहे. खऱ्या रबरात आणि फोममध्ये अवमंदन असतं, म्हणजे प्रत्येक हेलकाव्यात थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. त्यामुळे अनुस्पंदनाचं शिखर ठेंगणं होतं, हे चांगलं. पण अवमंदनाचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वरच्या सुरांना तोच एक आडमार्ग मिळतो आणि तिथलं अलगीकरण, म्हणजे थरथर टेबलापासून तोडण्याचं काम, काहीसं कमी होतं. शिवाय रबर संथ वजनापुढे जितकं मऊ असतं तितकं जलद कंपनांपुढे नसतं, म्हणून प्रत्यक्षातली वारंवारता आपल्या हिशोबापेक्षा थोडी वरच निघते. तेव्हा हाताशी थोडी जास्तीची मोकळीक ठेवावी. ‘शोषून घेणं’ हे पॅडचं दुय्यम काम आहे, शिखर आटोक्यात ठेवण्यापुरतं.

एकदा दबण्याकडे लक्ष गेलं की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. चारऐवजी आठ पॅड लावले तर प्रत्येकावरचं वजन निम्मं, दबणं निम्मं, आणि वारंवारता १.४१ पट वर. म्हणजे जास्त पॅड लावून आपण काम बिघडवलं. एकावर एक दोन पॅड रचले तर दबणं दुप्पट, पण डगमगही वाढते. बारक्या हलक्या स्पीकरखाली जाडजूड पॅड जेमतेम दबतो. अशा वेळी पॅडचे तुकडे कापून लहान करावेत, किंवा स्पीकर आणि पॅड यांच्यामध्ये दगडाची एक जड लादी ठेवावी. लादी स्वतः काहीही शोषत नाही, ती वजन वाढवून पॅडला दाबते. उलट फार जड स्पीकर फोमला पार चपटा करतो आणि चपटा झालेला फोम कडक होतो, त्याचा स्प्रिंगपणाच जातो. पॅडवर अमुक ते तमुक किलो असं लिहिलेलं असतं ते याचसाठी, आणि खरेदी करताना सगळ्यात आधी वाचायची ओळ तीच.

दबणं मोजायला उपकरण लागत नाही. छपाईचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. रिकाम्या पॅडच्या उंचीएवढी कागदांची चळत करा. मग पॅडवर स्पीकर ठेवा, थोडा वेळ जाऊ द्या, आणि चळत स्पीकरखाली सरकवून बघा. ती आत जाईपर्यंत किती कागद काढावे लागले ते मोजा. वीस कागद काढले तर २ मिलिमीटर.

सबवूफरची, म्हणजे फक्त सगळ्यात खालचा बेस वाजवणाऱ्या स्पीकरची, गोष्ट जरा अवघड आहे. तो ३० हर्ट्झपर्यंत उतरत असेल तर तिप्पट अंतर राखायला वारंवारता १० हर्ट्झ हवी, म्हणजे पॅड २.५ मिलिमीटर तरी दबायला हवा. तेवढं साधलं तरी सबवूफर खोलीतल्या हवेवर जो दाब निर्माण करतो, तो जमिनीला आणि भिंतींना थेट हलवतोच. पायांची वाट बंद केली, हवेची वाट उघडीच आहे. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची झोप फक्त पॅडच्या भरवशावर सोडू नये. रात्री आवाज कमी करणं हाच खात्रीचा उपाय.

आता थोडं स्पष्ट बोलतो. स्पीकरखाली लावायच्या अणकुचीदार धातूच्या पायांबद्दल सांगितलं जातं की ते कंपनं जमिनीत ‘सोडून देतात’ आणि परत वर येऊ देत नाहीत. टोकातून जोर एकाच दिशेने जातो असा कोणताही नियम निसर्गात नाही. ते पाय गालिचातून आरपार जाऊन पक्क्या जमिनीवर टेकतात, स्पीकर डुलत नाही, हा त्यांचा खरा आणि चांगला उपयोग. पण ते जोडतात, तोडत नाहीत. स्फटिकांचे तुकडे, ‘ऊर्जा शुद्ध करणाऱ्या’ चकत्या, स्पीकरच्या वायर जमिनीवरून उचलून धरणारे छोटे खांब हे तर निव्वळ अंधश्रद्धेचं दुकान आहे. वायरमधून वीज वाहते. तिला जमिनीच्या थरथरीशी देणंघेणं नाही. जो विकतो त्याला विचारावं, यात कोणतं वस्तुमान, कोणती स्प्रिंग, आणि किती मिलिमीटर? शंका राहिली तर कुणाला तरी गुपचूप वस्तू लावायला-काढायला सांगावं आणि डोळे मिटून ओळखून दाखवावं.

पॅडचा एक फायदा मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही: तो स्पीकर उचलतो आणि उताराचा असेल तर तिरका करतो. टेबलावरच्या स्पीकरचा ट्वीटर (वरचे, तीक्ष्ण सूर वाजवणारा भाग) बहुधा छातीकडे रोखलेला असतो. उतरत्या पॅडमुळे तो कानाकडे वळतो आणि झांजांची, व्यंजनांची धार परत येते. शिवाय टेबलाच्या पृष्ठभागावर आपटून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा जरा उशिरा कानात पोहोचतो. त्याची वाट २० सेंटिमीटरने लांब असेल, तर ८५७ हर्ट्झच्या आसपास दोन्ही लाटा एकमेकींना खोडतात, म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाच्या ऐन मध्यावर. स्पीकर उचलला, टेबलाच्या पुढच्या कडेशी आणला की हे आपटणं बदलतं आणि बरंचसं कमी होतं. ‘पॅड लावल्यावर आवाज मोकळा झाला’ असं लोक सांगतात, त्यात या उंचीचा आणि कोनाचा वाटा बराच असतो असं माझं मत आहे.

माझ्या टेबलावर पॅड लावल्यावर मी ४० ते २०० हर्ट्झ असा हळूहळू चढणारा सूर वाजवला, तळहात पुन्हा फळीवर. पेन्सिल एकदाही किणकिणली नाही. पण ४३ हर्ट्झच्या आसपास आवाज पूर्वीसारखाच फुगत होता, आणि तेव्हा फळी शांत होती. खोली ४ मीटर लांब आहे. त्या लांबीत ४३ हर्ट्झची बरोबर अर्धी लाट मावते, आणि अशा लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो. माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती. ती १ मीटर पुढे ओढली. हिशोबाने तिथे त्या सुराचा दाब ७० टक्क्यांवर येतो. मी तोच सूर पुन्हा लावला आणि या वेळी तो बाकीच्या सुरांच्या रांगेत बसला.