आकडा गुन्ह्याचा की नोंदीचा?

आपल्या नागपुरात सीताबर्डीच्या संध्याकाळच्या गर्दीत खिशातला मोबाइल गेला, की बहुतेक जण पोलीस ठाण्यात जातात ते नव्या सिमकार्डासाठी कागद हवा म्हणून. मोबाइल परत मिळेल ही आशा फारशी कुणालाच नसते. त्या कागदासाठी ‘हरवला’ एवढी नोंद पुरते. तक्रारदाराला घाई असते, ठाण्याच्या खाती एक गुन्हा कमी लागतो, आणि झालेली चोरी चोरीच्या आकड्यात येतच नाही. दुचाकी गेली तर मात्र तोच माणूस एफआयआर झाल्याशिवाय हलत नाही, कारण त्याशिवाय विम्याचा दावा मंजूर होत नाही. म्हणूनच वाहनचोरीचा आकडा बराचसा भरवशाचा असतो आणि मोबाइलचोरीचा अगदीच कच्चा.

एकाच शहरात ही स्थिती, तर दोन देशांचे आकडे शेजारी मांडून जास्त गुन्हे कुठे होतात हे ठरवताना किती जपायला हवं! तरीही अशा याद्या मोबाइलवर सतत फिरतात. त्यांत हमखास येणारी जोडी म्हणजे स्वीडन आणि भारत. २०१० साली स्वीडनमध्ये दर लाख लोकसंख्येमागे बलात्काराच्या सुमारे ६३ नोंदी झाल्या. भारतात त्या वर्षी २२,१७२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे लाखामागे दोनही नाहीत. यावरून स्वीडनमधल्या बायकांपेक्षा आपल्याकडच्या बायका तीसपट सुरक्षित आहेत, असं कुणी म्हटलं तर ते धादांत खोटं ठरेल.

नवरा वर्षभर दर आठवड्याला बळजबरी करत होता, अशी तक्रार घेऊन एक बाई पोलिसांकडे गेली असं समजा. स्वीडनमध्ये प्रत्येक घटना वेगळी मोजतात, त्यामुळे तिथे पन्नासहून अधिक गुन्हे नोंदले जातील. आपल्याकडे बायको अठरा वर्षांवरची असेल तर कायद्याच्या लेखी तो बलात्कारच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तो अपवाद कायम आहे. म्हणजे तिकडे पन्नासच्या वर, इकडे शून्य. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, एका एफआयआरमध्ये कितीही कलमं असली तरी त्यातला सर्वात गंभीर गुन्हा तेवढाच मोजतो. बलात्कार करून खून केला असेल, तर ती घटना बलात्काराच्या रकान्यात न येता वेगळ्या रकान्यात जाते. स्वीडनने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बलात्काराची व्याख्या रुंदावली. दोन्ही वेळा आकडा फुगणार हे उघड होतं.

आपल्याकडेही हे घडलं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतली ती घटना घडली, देश रस्त्यावर उतरला, कायदा बदलला, लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद झाली. २०१२ मध्ये २४,९२३ असलेला आकडा २०१३ मध्ये ३३,७०७ वर गेला. एका वर्षात पुरुष एवढे बिघडले नव्हते. बायका बोलू लागल्या आणि ठाण्यांना ऐकावं लागलं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितलेली आढळली. त्यातल्या ठाण्यापर्यंत पोचलेल्या तर आणखी कमी.

अपहरणाचा आकडा तर परदेशी वाचकाला हमखास फसवतो. २०२२ मध्ये भारतात अपहरणाचे एक लाखाहून जास्त गुन्हे नोंदले गेले. खंडणीसाठी पळवलेली माणसं त्यात थोडी. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की हरवलेल्या मुलाच्या बाबतीत आधी अपहरणच गृहीत धरा आणि गुन्हा नोंदवा. त्यामुळे घरी भांडून रेल्वे स्टेशनवर सापडलेला पोरगा आणि मित्रासोबत निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, दोघंही या आकड्यात आहेत. हा नियम चांगलाच आहे, त्यामुळे मुलांचा शोध लगेच सुरू होतो. पण असा नियम नसलेल्या देशाशी तुलना केली, की आपण उगाच बदनाम होतो.

मग तुलना करायची तरी कशाची? अभ्यासक बहुधा खुनाकडे वळतात, कारण मृतदेह दडपणं कठीण आणि ‘खून’ या शब्दावर जगाचं बरंच एकमत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ४,५८,००० माणसं मारली गेली, म्हणजे लाखामागे ५.८. भारतात २०२२ मध्ये २८,५२२ खून नोंदले गेले, म्हणजे लाखामागे दोनच्या आसपास. त्या वर्षी अमेरिकेचा दर सहाच्या वर होता, जपानचा लाखामागे अर्ध्या खुनाहूनही खाली.

यातही दोन खाचा आहेत. एक म्हणजे हुंडाबळी. आपण ते खुनात न धरता वेगळे मोजतो, आणि त्यांचा आकडा वर्षाला सहा हजारांच्या वर आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण हुंड्यापायी झालेल्या हत्या खुनातच धरतं, आणि मला तेच योग्य वाटतं. दुसरी खाच दवाखान्याची. चाकूहल्ल्यातला जखमी वेळेत मेडिकल रुग्णालयात पोचला आणि वाचला, तर तो खुनाचा प्रयत्न ठरतो, ज्याला आपल्याकडे ‘हाफ मर्डर’ म्हणतात. रस्त्यात दगावला तर खून. चाकू तोच, हातही तोच. अमेरिकेत अँथनी हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की १९६० नंतरच्या चार दशकांत तिथल्या हल्ल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, आणि त्यात तातडीच्या उपचारांचा वाटा मोठा होता.

दुसरा मार्ग म्हणजे पोलिसांना न विचारता थेट लोकांना विचारणं. अमेरिका आणि ब्रिटन कित्येक दशकं घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्या बाबतीत काय घडलं’ हे विचारतात. मेक्सिकोत अशाच पाहणीत दरवर्षी दिसतं, की नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांचा तपास सुरूच होत नाही, कारण बहुतेक वेळा तक्रारच झालेली नसते. भारतात असं राष्ट्रीय सर्वेक्षण नियमित होत नाही. ते सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं. नाहीतर तक्रार प्रामाणिकपणे लिहून घेणारा ठाणेदार कागदावर वाईट ठरतो आणि लोकांना परत पाठवणारा चांगला.

आता आपल्या नागपूरला चिकटलेल्या ‘क्राइम कॅपिटल’ या बिरुदाबद्दल. एनसीआरबी महानगरांचा गुन्हेदर काढताना भागते ती २०११ च्या जनगणनेच्या लोकसंख्येने. नागपूरसाठी ती सुमारे २५ लाख धरली जाते. तेव्हापासून शहर बेसा, मनीषनगर, वाठोड्याकडे किती पसरलं ते आपण पाहतोच. गुन्हे आजच्या माणसांचे आणि भागाकार २०११ च्या माणसांनी, म्हणजे दर फुगणारच. समजा ७५ खून झाले आणि माणसं खरोखर ३० लाख असतील, तर लाखामागे अडीच. अहवालात मात्र तीन. पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. तिचे आकडे भागाकारात आले, की एकही गुन्हा कमी न होता नागपूरचा दर खाली आलेला दिसेल.