ग्लासात पाणी चढतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. ज्योत विझते, पाणी आत चढतं. 'हवेत ऑक्सिजन २१ टक्के. तो जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी पाचव्या हिश्श्याएवढं चढलं,' हे स्पष्टीकरण वर्षानुवर्षं चालत आलंय. आकडा कधीकधी जुळतो, म्हणूनच ते टिकलं. पण तो योगायोग.

मुलांना घेऊन नीट बघा. ज्योत जळताना पाणी फारसं हलत नाही. ती विझू लागली की झपकन चढतं. ऑक्सिजन संपल्याने चढत असतं, तर सुरुवातीपासूनच हळूहळू चढलं असतं. शिवाय मेणबत्ती सगळा ऑक्सिजन वापरतच नाही. तो साधारण १६ टक्क्यांवर आला की ती विझते. वापरलेल्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, हे तर त्या स्पष्टीकरणात कुणी धरतच नाही!

मुख्य कारण उष्णता. ज्योतीमुळे हवा तापून फुगते, थोडी काठाखालून निसटते (बुडबुडे दिसतात). ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, दाब घटतो. बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते.

पटत नसेल तर त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावा (पेटवायचं काम मोठ्यांचं). हवा तेवढीच, पाणी मात्र जास्त चढेल.