फुटबॉल प्रक्षेपणाचा पैसा एनसीएए वाटत नाही
अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांचा पैसा ‘एनसीएए’ ही महाविद्यालयीन खेळांची मध्यवर्ती संस्था विद्यापीठांना वाटते, हा जुना समज चुकीचा आहे. १९८४ मध्ये ओक्लाहोमा व जॉर्जिया विद्यापीठांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तिची मक्तेदारी मोडली, आणि कालांतराने हे करार कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांचे गट, करू लागले. एनसीएएचे मुख्य उत्पन्न पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे आहे. गट बदलण्याची धावपळ चालते ती मुख्यतः या करारांपायी. गटातला वाटाही समानच असतो असे नाही: २०२४ मध्ये ‘बिग टेन’ या गटात आलेल्या ओरेगन व वॉशिंग्टन यांनी कमी वाटा पत्करला, त्याहून बोलके उदाहरण सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे, ज्याने ‘एसीसी’ या गटात शिरण्यासाठी नऊ वर्षांच्या प्रक्षेपण-उत्पन्नावर पाणी सोडले.