बर्फाच्या राड्यात पाय कोरडे ठेवणारे बूट

ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्यातून टोरांटो, बॉस्टन किंवा बर्लिनला शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगेत जाडजूड जॅकेट हमखास असतं. बुटांचा विचार मात्र ‘ट्रेकचे आहेत की’ इथेच थांबतो. सिंहगडाच्या वाटेवर उत्तम चालणारे बूट तिथल्या पदपथावर का कमी पडतात, याचं उत्तर पायाखालच्या राड्यात आहे.

ताजा, कोरडा बर्फ फारसा छळत नाही; झटकला की पडतो. त्रास सुरू होतो रस्त्यावर मीठ पडल्यावर. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. द्रावणात मीठ २३ टक्क्यांच्या आसपास असेल, तर तो उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. रस्त्यावरचं द्रावण सहसा इतकं दाट नसतं, तरी उणे पाच-सहा अंशांवरही हा करडा राडा पातळच राहू शकतो. म्हणजे बुटात शिरणारं पाणी शून्याहून थंड असू शकतं. शिवाय पाणी हवेच्या सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक आहे. मोज्याची ऊब ही त्यात अडकलेल्या हवेची ऊब असते. त्या हवेच्या जागी पाणी भरलं की मोज्याची जाडी फारशी कामाला येत नाही.

म्हणून दुकानात पहिल्यांदा लेस सैल करून बुटाची जीभ पुढे ओढून पाहा. जिभेच्या दोन्ही बाजूंना घडीचं कापड शिवलेलं असतं. ते जिथे संपतं, तिथेच बुटाचं वॉटरप्रूफपण संपतं, मग वरच्या लेबलवर काहीही लिहिलेलं असो. रस्ता ओलांडण्याच्या कोपऱ्यांवर बर्फाने गटारं तुंबतात आणि घोट्याएवढी डबकी साचतात. त्यामुळे ही शिवण जमिनीपासून किमान १२ ते १५ सेंटिमीटर उंच हवी. घोट्याखाली संपणारे बूट इथेच बाद करावेत.

आतल्या पाणीरोधक पडद्याचा मूळ शोध १९६९ सालचा. अमेरिकी संशोधक बॉब गोर यांनी तापवलेली पीटीएफईची (म्हणजे टेफ्लॉनची) कांडी झटक्यात ताणली आणि अतिसूक्ष्म छिद्रांचा पदार्थ हाती आला. पाण्याचा थेंब या छिद्रांतून जाऊ शकत नाही, पण घामाची वाफ जाते. मात्र बाहेरचं चामडं किंवा कापड पाण्याने चिंब झालं, की वाफेची वाट अडते आणि घाम आतच साचतो. अशा वेळी बूट गळतो असं वाटतं, पण पडदा शाबूत असतो. बाहेरून पाणी ओघळून जाण्यासाठी दिलेला लेप झिजला, तर स्प्रे मिळतो. हंगामात एक-दोनदा मारावा. नेहमी राड्यातूनच जायचं असेल, तर खालचा भाग अखंड रबराचा आणि वरचा चामड्याचा असलेला बूट जास्त भरवशाचा, कारण त्यात पाणी शिरायला खालच्या बाजूला शिवणच नसते.

यानंतर सोल, आणि आमच्या मते निवडीतला सर्वांत मोठा निकष हाच. खोल खाचा भुसभुशीत बर्फात रुततात, पण गुळगुळीत गोठलेल्या पदपथावर त्यांचा उपयोग थोडा. तिथे पकड मिळते ती थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराची. पीव्हीसीचे गमबूट पुण्याच्या पावसात झकास, पण शून्याखाली ते कडक होतात आणि घसरतात. टोरांटो रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत माणसांना बर्फाच्या उतारावर प्रत्यक्ष चालवून बूट तपासतात. ७ अंशांचा उतार न घसरता चढता-उतरता आला, तरच पास होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी मिळते. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या पहिल्या चाचण्यांत बहुतेक बूट नापास झाले होते. रबरात काचेचे सूक्ष्म तंतू मिसळलेले सोल अशा चाचणीत चांगले ठरतात. बर्लिनमध्ये नागरिकांना पदपथावर मीठ टाकायला सहसा बंदी असते, तिथे बारीक खडी पसरतात. त्यामुळे मॅक्स म्युलर भवनातून जर्मन शिकून तिकडे जाणाऱ्यांनी सोलकडे दुप्पट लक्ष द्यावं.

अस्तराच्या लेबलवरचे २०० किंवा ४०० ग्रॅम हे प्रतिचौरसमीटर वजन असतं. चालतं-फिरतं राहणाऱ्याला २०० पुरतात. बसस्टॉपवर ताटकळणाऱ्याला ४०० बरे. ‘उणे ३२’सारखे तापमानाचे आकडे कंपन्या आपापल्या पद्धतीने ठरवतात, त्यावरून दोन बुटांची तुलना करू नये. माप लोकरी मोजा घालून, संध्याकाळी घ्यावं, बोटांपुढे सेंटिमीटरभर जागा ठेवून. घट्ट बुटात अस्तर दबतं, रक्तपुरवठाही कमी होतो, आणि महागड्या बुटातही बोटं गारठतात.

माळ्यावर चार-पाच वर्षं पडलेले मावसभावाचे बूट फुकट मिळाले, तरी आधी तपासा. सोलच्या मधल्या थरात बहुधा पॉलियुरेथेन असतं. त्याच्या पॉलिएस्टर प्रकारातले बंध हवेतल्या बाष्पाने हळूहळू तुटतात. त्यातून आम्ल सुटतं, आणि ते पुढची मोडतोड वेगाने करतं. न वापरताही हे घडतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बाष्प कोंडलं तर लवकर. थर नखाने दाबून पाहा. भुगा निघाला, भेग पडली किंवा चिकट लागलं, तर ते बूट नेऊच नका.

बाकी बुटांची परीक्षा घरीच होते. रुंद घमेल्यात ८ सेंटिमीटर पाणी घ्या, मोज्यावर टिश्यू पेपर गुंडाळून बूट घाला आणि पाण्यात उभं राहून दहा मिनिटं टाचा वर-खाली करा. नुसतं उभं राहून गळती कळत नाही. बूट चवड्यापाशी वाकतो, तिथेच सोलचा जोड उघडतो. कागद एकाच ठिकाणी भिजला असेल, तर गळती आहे. सगळीकडे दमट असेल, तर घाम. खास बर्फाचे बूट मात्र पुण्यात घेऊ नयेत. लोकरी मोजे आणि फेल्टचे इनसोल इथून न्या, बूट तिथे पोचल्यावर ऑक्टोबरात घ्या.

वापरायला लागल्यावर चामड्यावर मिठाचे पांढरे वळ दिसतील. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्याच दिवशी पुसा. राहिलेलं मीठ चामड्याला कोरडं आणि कडक करतं. ओले बूट हीटरवर ठेवले तर डिंकाचे जोड सुटतात. इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला.