गुळवेल लिव्हर वाचवते म्हणून रोज काढा प्यायचा?
कोरोनात सुरू झालेलं ते अजून चालूच आहे, "गुळवेल नॅचरल आहे, रोज प्या, लिव्हर साफ राहतं". उंदरांवरच्या प्रयोगांत अर्काने लिव्हर सावरलं हे खरं, पण तिथे आधी मुद्दाम केमिकल देऊन लिव्हर बिघडवलेलं असतं, डोस मोजलेला असतो, आपल्या किचनमधल्या काढ्याला ते कसं लावणार? उलट 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 पेशंटचं लिव्हर बिघडल्याचं छापलं, 2022 मध्ये देशभरातल्या हॉस्पिटलांतून अशा 43 केसेस आल्या, बऱ्याच ऑटोइम्यून प्रकारच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या लिव्हरवर हल्ला करते तशा. आयुष मंत्रालय म्हणालं, दुसरी तशीच दिसणारी वेल असेल. पण बाजारातून आणलेली कांडी कुठल्या वेलीची, हे आपण तरी कुठे ओळखतो? थायरॉइड किंवा ऑटोइम्यून त्रास असेल तर प्लीज डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे दिसले तर काढा त्याच दिवशी बंद करून लिव्हरची टेस्ट करा.