पेंढा नव्हे, अंगरखा: हरणाचे कातडे साच्यावर चढवताना

‘पेंढा भरलेले जनावर’ असे आपण सवयीने म्हणतो, पण आजच्या टॅक्सिडर्मीत पेंढा नसतो आणि भरणेही नसते. पॉलियुरेथेन फोमचा कडक साचा आधी तयार असतो. कमावलेले कातडे ओल्या अंगरख्यासारखे त्याच्यावर चढवून चिकटवतात. गोम एवढीच, की हा अंगरखा वाळताना आकसतो. नवशिक्याचे पहिले काम बिघडते ते बहुतेकदा इथेच.

कातड्याची वीण कोलॅजनच्या तंतूंची. ओले असताना तंतू एकमेकांवरून सरकतात, म्हणून कातडे ताणले जाते. पाणी उडाले की तंतू जवळ येतात आणि ते ताठ होत आखडते. उंचवट्यावर याने नुकसान होत नाही, उलट कातडे अधिक घट्ट बसते. खळग्यावर मात्र आखडणारे कातडे जवळची वाट धरते. तळाला न टेकता या काठावरून त्या काठावर सरळ जाते आणि खाली पोकळी राहते. नखाने टिचकी मारली की ढोलकीसारखा पोकळ आवाज येतो. कारागीर याला ‘ड्रमिंग’च म्हणतात.

आता कायद्याची बाजू. चितळ, सांबर, भेकर हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. मेलेले सापडलेले हरीण सरकारची मालमत्ता ठरते, जंगलात गळून पडलेले शिंगसुद्धा उचलून घरी आणता येत नाही, आणि वन्यप्राण्यांची टॅक्सिडर्मी करायला परवाना लागतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन विभागाचे टॅक्सिडर्मी केंद्र आहे, ते या चौकटीत. घरी हात बसवायचा तर बोकड. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे: मुंडी भाजलेली नको आणि मानेचे कातडे खांद्यापर्यंत सलग हवे. बोकडाची शिंगे हरणासारखी दरवर्षी गळत नाहीत, नाकाचा शेंडाही हरणाइतका उघडा आणि ओलसर नसतो. पण डोळे, ओठ, कान यांची तऱ्हा पुष्कळशी तीच.

मुंबईच्या उकाड्यात पहिला शत्रू जिवाणू. कातडे सोलल्यावर मांस आणि चरबी खरवडून लगेच मीठ चोळावे, कातड्याच्या निम्म्या वजनाइतके तरी. बारीक मीठच घ्यावे. खडे मीठ सुरकुत्यांत पोचत नाही. चोवीस तासांनी सुटलेले पाणी झटकून पुन्हा ताजे मीठ. ओठ, पापण्या आणि कान इथे आतून चिरून उघडले नाहीत, तर मीठ मुळाशी जात नाही आणि पुढे नेमके तिथलेच केस पुंजक्याने निघतात. ते परत बसवायला उपाय नाही. कमावण्याआधी चेहऱ्याचे कातडे साधारण १ मिलिमीटरपर्यंत पातळ करतात. जाड कातडे जास्त जोराने आखडते आणि खळग्यात बसत नाही. मात्र केसांची मुळे उघडी पडेपर्यंत खरवडू नये.

साचा निवडताना दोन मापे जपायची: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर आणि कानांमागे मानेचा घेर. पहिले माप चुकले तर चेहरा वेगळ्याच जनावराचा दिसतो. साचा घरी ओतायचा तर सोललेल्या मुंडीवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा ठसा घेऊन त्यात फोम ओततात. ठसा पूर्ण वाळलेला हवा. ओलाव्याशी रसायनाची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि फोम भुसभुशीत निघतो.

गोंद लावण्याआधी कातडे एकदा नुसतेच चढवून पाहावे. अपुरे पडले तर ओढू नये. ओढून बसवलेले कातडे वाळताना सगळे उट्टे काढते. त्यापेक्षा साचाच कानशीने उतरवावा. मग सगळा साचा कानशीने खरबरीत करून धूळ झाडावी, कारण गुळगुळीत फोमवर गोंदाला धरायला काही मिळत नाही. ओठांसाठी ८ ते १० मिलिमीटर खोल खाच कापावी, नाकपुड्या आत कोरून घ्याव्यात.

सगळ्यात जास्त वेळ डोळ्यांना द्यावा. हरणाची बाहुली आडवी असते, आणि मान कशीही वळलेली असली तरी ती क्षितिजाशी समांतरच राहते. काचेचा डोळा बसवताना त्यामुळे साच्याकडे न पाहता टेबलाच्या कडेकडे पाहावे. डोळ्याभोवती भरायला प्लॅस्टिसिन (तेलात मळलेली माती) नको, त्यातले तेल कातड्यात उतरते. गणपतीची शाडू चालते, पण ती वाळताना तडकते. मळताना थोडा पांढरा डिंक घातला की तडे कमी होतात. पापणीची कड काचेला अगदी टेकलेली हवी. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्याखाली हरणाला एक चीर असते, तिथे गंधग्रंथी असते, आणि सांबराची तर ती चांगलीच मोठी. बोकडाला ही नाही, म्हणून हरणाकडे वळल्यावर नवशिके तिला विसरतात. साच्यावर तिथे बोटाचे पेर मावेल एवढा खड्डा कोरून कातडे बोथट अवजाराने तळापर्यंत दाबावे लागते. वरवर बसवली तर दोन दिवसांत ती सपाट होते.

गोंद साच्यावर सगळीकडे सारखा पसरावा, खळग्यात जरा जास्त. शिंगांच्या बुंध्यापासून मानेकडे जाणारी चीर त्रिकोणी टोकाच्या सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतात. सुई आतून बाहेर काढायची, टाके ५-६ मिलिमीटरवर, आणि दर टाक्याला अडकलेले केस सोडवत जायचे. ओठ, पापण्या, डोळ्याखालची चीर, कानाचा बुंधा इथे स्टीलच्या टाचण्या. लोखंडी टाचण्या गंजून डाग पाडतात. घशाच्या खोबणीत पुठ्ठ्याची पट्टी ठेवून तिच्यातून टाचण्या टोचल्या की दाब सारखा पडतो.

यापुढे घाई नको. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि ओल्या कातड्यावर बुरशी धरायला आठवडाही पुरतो. म्हणून लोक पंखा लावतात. पण त्याने पातळ कान आधी सुकून सुरळीसारखे वळतात, पापणी काचेपासून सुटते, आणि मान मात्र आतून ओलीच. बंद खोलीत एसी ‘ड्राय’वर, वारा थेट न लागता, हे बरे. पहिले चार दिवस रोज सगळीकडे बोट फिरवावे. पोकळ लागले तर जागा ओलसर करून दाबून पुन्हा टाचणी लावावी. नंतर कातडे ऐकत नाही.

तीन-चार आठवड्यांनी टाचण्या निघतात. पापणीच्या फटी एपॉक्सी पुट्टीने बुजवतात आणि नाक, पापण्यांची कड पुन्हा रंगवतात, कारण कमावण्यात आणि वाळण्यात तिथला रंग फिका पडतो. हरणाच्या नाकावर वार्निश चालते, तिथे ओल दिसायलाच हवी. बोकडाच्या नाकाला मात्र ते लावू नये.