रडार डिटेक्टर : मुंबई–गोवा महामार्गापर्यंत पोचलेल्या एका डबीची पार्श्वभूमी

कोकणात ‘रडार’ म्हटलं की अजूनही आधी समुद्र आठवतो. मोठ्या ट्रॉलरच्या केबिनवर फिरणारी पट्टी, किंवा २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या दीपगृहांवर बसवलेली टेहळणीची यंत्रणा. रस्त्यावरचं रडार हा शब्द मागाहून आला आणि आला तोच गुंता घेऊन. पोलिसांच्या हातातली स्पीड गन म्हणजेही ‘रडार’, ती गन हेरणारी गाडीतली डबी म्हणजेही ‘रडार’, आणि गनला आंधळं करणारा जॅमर म्हणजेही ‘रडार’च. ‘गाडीला रडार बसवलंय’ असं कुणी सांगितलं तर यातलं नेमकं काय बसवलंय ते विचारल्याशिवाय कळत नाही. पुढचा कायद्याचा बराचसा घोळ या एका शब्दातूनच निघालेला आहे, म्हणून आधीच वेगळं करून ठेवतो. गन लहरी सोडते आणि मोजते. जॅमर गनच्या मोजणीत अडथळा आणण्यासाठी लहरी सोडतो. डिटेक्टर काहीच सोडत नाही, तो फक्त ऐकतो.

मी ही डिटेक्टरची डबी पहिल्यांदा जवळून पाहिली ती कुडाळला, जहाजावर नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्याच्या गाडीत. अमेरिकेच्या फेरीतून त्याने ती आणली होती. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, काचेला दोन सक्शन कपांनी चिकटवलेली, वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये. कुडाळहून कणकवलीला जाईपर्यंत ती चार वेळा ‘के बँड’ (पोलिसांच्या गनच्या लहरींचा एक पट्टा) म्हणून ओरडली. दोनदा रस्त्याकाठच्या दुकानांच्या आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारांमुळे, कारण त्या दारांवरचे सेन्सर २४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात चालतात. उरलेल्या दोन्ही वेळा शेजारून गेलेल्या एकाच महागड्या गाडीमुळे. तिच्या मागच्या बंपरमध्ये बाजूची वाहनं ओळखणारं रडार असावं. पोलीस एकदाही दिसले नाहीत. एप्रिल महिना होता. कसालच्या अलीकडे उन्हाने कप सैल झाले आणि डबी डॅशबोर्डवर पडली.

या डबीचा जन्म वेगाच्या हौसेतून झाला असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेत पोलिसांनी रस्त्यावर रडार वापरायला १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली, पण डिटेक्टरला मोठा बाजार मिळाला तो १९७४ नंतर. तेलसंकटामुळे पेट्रोल वाचवण्यासाठी देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. काल ज्या रस्त्यावर ७० मैल चालत होते तिथे आज दंड. ही मर्यादा अपघातांसाठी आणलेली नाही हे ट्रकवाल्यांना माहीत होतं, त्यामुळे ती चुकवण्यात त्यांना गैर वाटलं नाही. राष्ट्रीय मर्यादा १९९५ मध्ये उठली, पण तोवर डबी गाड्यांमध्ये स्थिरावली होती.

दुसरं कारण रडारवरचा अविश्वास. १९७९ मध्ये फ्लोरिडातल्या एका न्यायालयासमोर हे प्रकरण गेलं. चाचणीत पोलिसांच्या रडारने ताडाच्या जातीचं एक झाड ताशी ८६ मैलांनी ‘पळताना’ आणि एक घर २८ मैलांनी ‘सरकताना’ दाखवलं होतं. न्यायालयाने रडारचा पुरावा नाकारला. पुढच्या काळात गनची मानकं ठरली, चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण आलं, यंत्रं सुधारली. यंत्र चुकू शकतं हे तिथल्या व्यवस्थेने उघडपणे मान्य केलं, म्हणून ती सुधारली. आपल्याकडे ही चर्चा अजून नीट झालेली नाही.

डबी गनच्या आधी कशी बोलते? गनला स्वतःच्या लहरीचा गाडीवर आपटून परत आलेला प्रतिध्वनी पकडावा लागतो, आणि तो परत येईपर्यंत फार क्षीण झालेला असतो. डबीला परतीची गरज नसते, जाणारी लहरच पुरते. म्हणून सरळ मोकळ्या रस्त्यावर गनला तुमचा वेग कळण्याच्या कितीतरी आधी डबीला गन कळते. मोजणी डॉप्लरच्या तत्त्वाने होते, म्हणजे धावत्या गाडीवरून परतताना लहरीची वारंवारता बदलते आणि त्या फरकावरून वेग काढतात. २४.१५ गिगाहर्ट्झची गन असेल तर ताशी १ किलोमीटरमागे परतणाऱ्या लहरीत सुमारे ४५ हर्ट्झचा फरक पडतो. ताशी १०० ला तो साधारण ४,४७० हर्ट्झ होतो, म्हणजे कानाला ऐकू येईल असा सूर. यावर पोलिसांनी सोपा उपाय काढला: गन बंद ठेवायची आणि गाडी टप्प्यात आली की चाप ओढायचा. मग डबीचा इशारा आणि वेगाची नोंद एकाच क्षणी होते. तुमच्या पुढच्या गाडीवर चाप ओढला गेला असेल तरच तुम्हाला वेळ मिळतो.

काही ठिकाणी बंदी आली. व्हर्जिनियात डिटेक्टर बेकायदा आहे, आणि १९९० च्या दशकापासून अमेरिकेत मोठ्या व्यापारी वाहनांत सगळीकडेच. बंदी राबवायला डिटेक्टर हेरणारं यंत्रही निघालं. डबी ‘फक्त ऐकते’ हे मी वर लिहिलं, पण तिच्या आतल्या ऑसिलेटरमधून, म्हणजे ऐकण्यासाठी लागणारी लहर तयार करणाऱ्या भागातून, थोडी लहर बाहेर गळतेच, बऱ्याच जुन्या मॉडेलांत ११.५ गिगाहर्ट्झच्या आसपास. पोलीस ती गळती पकडत.

आता कायद्याचा मुद्दा. इथे थोडं थांबावं लागेल, कारण विकणारे एका वाक्यात ‘भारतात चालतं’ म्हणून मोकळे होतात.

ब्रिटनमध्ये १९४९ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता. दुसऱ्याच्या ‘संदेशा’चा मजकूर, पाठवणारा किंवा घेणारा यांची माहिती मिळवण्याच्या हेतूने वायरलेस उपकरण वापरणं हा त्यात गुन्हा होता. याच कलमाखाली डिटेक्टरवाल्यांना वर्षानुवर्षं शिक्षा झाल्या. १९९८ मध्ये उच्च न्यायालयात प्रश्न असा आला: पोलिसांच्या गनमधून निघणारी लहर हा ‘संदेश’ आहे का? गन कुणाला काही सांगत नाही. लहर जाते, आपटते, परत येते. पाठवणारा तोच आणि घेणाराही तोच. न्यायालयाने ठरवलं की हा संदेश नाही. त्या एका शब्दावर ब्रिटनमधले डिटेक्टर सुटले.

हा निकाल आपल्याकडे सारखा दाखवला जातो. कायदा ब्रिटिशांचा, मग निकालही लागू, असा तर्क. मला तो पटत नाही. आपला भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायदा १९३३ चा, आणि त्याची पकड वापराच्या हेतूवर नाही तर उपकरण जवळ बाळगण्यावर आहे. परवान्याशिवाय वायरलेस उपकरण बाळगायचं नाही, हा त्याचा गाभा. शिवाय त्याच्या व्याख्येत लहरी पाठवण्याबरोबर घेणंही आहे, आणि काय घेणं तर चिन्हं, सिग्नल, चित्रं, आवाज, कुठल्याही स्वरूपाची माहिती. नुसतं ऐकणाऱ्या यंत्राला परवाना कशाला, असं ज्याला वाटतं त्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या रेडिओच्या परवान्याचं पुस्तक आहे. दर वर्षीचं शुल्क भरल्याची तिकिटं, त्यावर पोस्टाचे गोल शिक्के. बातम्या आणि नाट्यसंगीत ऐकायलाही परवाना लागत होता. १९८० च्या दशकात तो गेला, पण घेणारं यंत्रसुद्धा कायद्याच्या कक्षेत येतं हे तत्त्व त्याच्याबरोबर गेलं नाही.

२०२३ चा दूरसंचार कायदा १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी आला आणि जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. त्यात ‘संदेश’ या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे, आणि तिच्यात चिन्ह व सिग्नल दोन्ही येतात. म्हणजे ज्या फटीतून ब्रिटनमधली डबी बाहेर पडली, ती फट इथे ठेवलेली दिसत नाही. दुसऱ्या बाजूला, मोटार वाहन कायद्यात डिटेक्टर हा शब्द नाही. वाहनांतल्या रडारसाठी ७६ ते ७७ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१५ मध्ये परवानामुक्त झाला, पण तो गाडीच्या स्वतःच्या सुरक्षा यंत्रणेसाठी. जॅमरबाबत मात्र संदिग्धता नको: दूरसंचार अडवणारं उपकरण केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरायचं नाही, हे नव्या कायद्यात स्पष्ट आहे. डिटेक्टर आणि जॅमर एकत्र असलेली डबी विकत घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. नुसत्या डिटेक्टरबद्दल माझं मत असं की ‘बंदी नाही’ आणि ‘परवानगी आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानदार पहिली सांगून दुसरी विकतो.

कोकणात या डबीला गिऱ्हाईक मिळालं ते रस्ता बदलला म्हणून. जुन्या राष्ट्रीय महामार्ग १७ वर वेग मोजायची वेळच फारशी येत नसे. कर्नाळ्याची वळणं, सुकेळी खिंड, कशेडी, भोस्ते, परशुराम, निवळी असा घाटामागून घाट, आणि समोरून एसटी. २०१० च्या फेरक्रमांकनात तो ६६ झाला. चौपदरीकरण २०११ नंतर सुरू झालं आणि त्याचं काय झालं हे गणपतीला गावी येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याने अंगावर घेतलं आहे. रायगड खड्ड्यांत असताना सिंधुदुर्गातला पट्टा आधी गुळगुळीत झाला. त्यामुळे एकाच प्रवासात माणूस माणगावजवळ ताशी २० ने रांगतो आणि कणकवलीच्या पुढे गाडी आपोआप १०० च्या वर जाते. दरम्यान २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर कारसाठी कमाल १०० आणि इतर रस्त्यांवर ७० ठरवलं गेलं, त्याहून कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्याकडे राहिला. वळणरस्ता, अर्धवट पूल, गावाजवळची पट्टी, असा दर काही किलोमीटरला आकडा बदलतो, आणि पाटी कधी आंब्याच्या फांदीमागे तर कधी नुसतीच नाही. डबी घेणाऱ्यांत बेफाम चालवणारे आहेतच. पण आपण कुठल्या मर्यादेत आहोत हेच न कळल्यामुळे घाबरलेले लोकही मला बरेच भेटले.

दंडही वाढला. १९८८ च्या कायद्यात अतिवेगाला पहिल्या खेपेस ४०० रुपयांपर्यंत दंड होता, २०१९ च्या दुरुस्तीने तो कारसाठी १,००० ते २,००० झाला आणि महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर २०२१ पासून आले. त्याच सुमारास रस्त्याकडेला उभं राहून वेग मोजणाऱ्या इंटरसेप्टर गाड्या दिसू लागल्या, आणि डबीची खरी अडचण तिथेच सुरू झाली. या गाड्यांत बहुधा रडार नसतं, लेझर गन असते.

रडारचा झोत बारा अंशांचा धरला तर ३०० मीटरवर तो साठेक मीटर पसरतो, आणि ही सांडलवंड डबीला लांबून सापडते. ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचा लेझरचा झोत त्याच अंतरावर जेमतेम एक मीटर रुंद असतो. तो थेट तुमच्या नंबरप्लेटवर येतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत मोजून होतं. डबी ‘लेझर’ म्हणते तेव्हा नोंद झालेली असते. बसवण्याची पद्धतही इथे आडवी येते. रडारसाठी डबी उंच, आरशाजवळ, रस्त्याला समांतर आणि वायपरच्या पट्टीतून मोकळी हवी. लेझर खाली नंबरप्लेटवर रोखलेला असतो, त्यामुळे त्यासाठी ती खाली असलेली बरी. दोन्ही एका जागी साधत नाही. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर रडारही नीट पोचत नाही. शहरी मोड लावला, दारांच्या जागा जीपीएसने गप्प केल्या, ठरावीक वेगाखाली आवाज बंद ठेवला, तर खोटी ओरड कमी होते. शेजाऱ्याने हे सगळं करून पाहिलं. डबी शांत झाली, पण तिला ऐकण्यासारखं रस्त्यावर फार काही उरलंही नव्हतं. पावसाळ्यात मात्र लेझर गनचीही पंचाईत होते, कारण मुसळधार पाऊस आणि घाटातलं धुकं तिचा पल्ला बराच कमी करतं.

कॅमेऱ्यांनी उरलंसुरलं संपवलं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून दोन कमानींमधलं अंतर आणि लागलेला वेळ यावरून सरासरी वेग काढला जातो. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा वेग मोजायला लहर सोडत नाही, मग डबी ऐकणार काय?

या टप्प्यावर वाहनचालकाच्या हातात काय आहे ते डबीत नाही, नियमात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ए हा नियम आला. कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी ठळक सूचनाफलक हवा, नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत यायला हवी, तिच्यासोबत फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण हवं. आणि यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, ज्याचं दर वर्षी नूतनीकरण व्हायला हवं. फ्लोरिडातल्या त्या झाडाने विचारलेला प्रश्न आपल्याकडे या एका ओळीत आला आहे. ई-चलान आलं की लोक फोटोत गाडी आपलीच आहे का ते पाहतात आणि पैसे भरून टाकतात. ज्या यंत्राने तो आकडा दिला त्याच्या प्रमाणपत्राची तारीख मागणारा माणूस मला अजून हातखंब्यापासून पत्रादेवीपर्यंत भेटलेला नाही.